नेरळची पकड

“पोचला व्हता तो. मीच मागं वडला.”

एवढं बोलायचं, वाकून भाताचं पोतं पाठीवर घ्यायचं आणि चालू लागायचं. पुढे कितीही खोदून विचारा, तो बोलणार नाही. कर्जतच्या एका भातगिरणीत मी दिवाणजी होतो आणि तो हमाल. त्याच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की अजून कुणी पोतं उचलताना दिसला तरी मला ते ऐकू येतं. विचारणारे बदलत. प्रश्न तोच असे आणि उत्तरही तेच.

तुम्ही कधी भातगिरणीवर बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे कामापेक्षा वाट पाहणंच जास्त. गाड्या रांगेने उभ्या, बैल सोडून सावलीला बांधलेले, आणि आपलं भात भरडून होईपर्यंत गाडीवान ओट्यावर बसून बोलत राहतात. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, तांदळावर सरकारची नजर होती, तरण्या पोरांना फौजेत नेणारे गावोगाव फिरत होते. पण आमच्या ओट्यावर लढाईची बोलणी थोडा वेळ चालत आणि मग कुणीतरी हुतूतूचा विषय काढी. कर्जत आणि खालापूर यांच्यात झालेले ते तीन सामने. गिरणीवर दोन्हीकडची माणसं यायची, त्यामुळे भांडायला माणूस कमी पडत नसे.

आमच्या बाजूने गणूतात्या. दहिवलीकडचा शेतकरी, पिकल्या मिशांचा, बोलताना समोरच्याच्या मांडीवर थापा मारायची सवय. खालापूरच्या बाजूने कासमभाई. त्यांच्या दोन गाड्या होत्या, भाताचा लहानसा व्यापार होता आणि आवाज गिरणीच्या पट्ट्यावरही ऐकू जाईल असा होता. दोघं एकमेकांच्या तंबाखूवाचून राहू शकत नसत, आणि एकमेकांचं म्हणणं कधी मान्य करत नसत.

सामने कसे झाले ते आधी सांगतो. मी तिन्ही पाहिले होते.

पहिला खालापूरला झाला. त्यांनी मैदानाला आंब्याची तोरणं बांधली होती, वाजंत्री बोलावली होती. आमच्याकडे शिवा होता. दहिवलीचा, विधवेचा एकुलता एक मुलगा, रुळांच्या कामावर जाणारा. शेलाटा, काळा, आणि दम असा की तो ‘हुतूतू’ करत समोरच्या पाटीत शिरला की बघणाऱ्याचाच श्वास आधी संपे. त्याने एका चढाईत त्यांची जवळजवळ अर्धी बाजू मारली. वाजंत्रीवाले वाद्यं गुंडाळून आमच्याआधी निघून गेले. दुसरा सामना कर्जतला. आम्हीही तोरणं बांधली आणि हरलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी ‘त्याला’, पुढे आमच्याकडे हमाल झालेल्याला, नीट पाहिला. खालापूरकडून खेळणारा, कुंभिवलीचा, रुंद खांद्यांचा, संथ. तो कुणाच्या अंगावर झेप घेत नसे. बसल्यासारखा उभा राही आणि पाय जवळ आला की घोटा धरी. फक्त घोटा. एकदा धरला की शिट्टीपर्यंत सोडत नसे. त्या दिवशी त्याने शिवालाही तसाच धरला.

एकेक झाला. तिसरा कुणाच्याच गावी नको म्हणून नेरळला ठरला. रुळांपलीकडे, कापणी झालेल्या खाचरात. जमीन ठोकून सारखी केली होती आणि रेघा तुसाच्या राखेने आखल्या होत्या. दोन्ही तालुक्यांतली माणसं आली होती, माथेरानच्या वाटेवरचे घोडेवालेसुद्धा घोडे बांधून बसले होते. टेबलावर चांदीची ढाल मांडली होती. उन्हं उतरली तरी दोन्ही बाजू बरोबरीत होत्या, आणि शेवटची चढाई शिवाची होती.

शिवाने एकाला हात लावला आणि वळला. मधली रेघ दोन ढांगांवर होती. तेवढ्यात याने, त्या कुंभिवलीच्या गड्याने, आडवं होऊन त्याचा घोटा धरला. शिवा पालथा पडला, दोन्ही हात रेघेकडे पसरलेले, तोंडाने ‘हुतूतू’ चाललेलं. याने त्याला मागे ओढला आणि खालापूरचे बाकीचे सगळे त्याच्या पाठीवर पडले. धुरळा उठला. ढिगाखालून दम थोडा वेळ ऐकू येत राहिला, मग तुटला. पंच पेन्शनीत निघालेले एक मास्तर होते. ते दुसऱ्या टोकाला होते. शिट्टी फुंकत धावत येईपर्यंत रेघच पुसली गेली होती. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं आणि हात खालापूरच्या बाजूने केला.

ओट्यावर गोष्ट सांगणारे बहुतेक इथे थांबत. मग शिवाचा हात रेघेवर पडला होता की नव्हता, यावर भांडण सुरू होई.

पुढचं असं झालं. ढिगातले सगळे उठले, शिवा उठला नाही. आम्हाला वाटलं हरल्याचं वाईट वाटून पडून राहिला आहे. गणूतात्याच त्याच्याजवळ गेला. शिवा तोंडातली माती थुंकत म्हणाला, “तात्या, पाय कुठं हायत माझे?”

पाय तिथेच होते. तो घोटा अजून याच्या हातात होता.

खालापूरची माणसं ढाल डोक्यावर घेऊन नाचत रस्त्याला लागली, त्यांना काही कळलंच नव्हतं. हा त्यांच्यात नव्हता. शिवाला दाराच्या फळीवर घालून स्टेशनात आणला तेव्हा फळीचं एक टोक यानेच धरलं होतं. मुंबईच्या गाडीत शिवाला चढवला आणि हा फलाटावर उभा राहिला. मी त्याला म्हणालो, “जा आता घरी.” त्याने मान हलवली. गेला की नाही कोण जाणे.

मुंबईच्या इस्पितळातून शिवा परत आला तो कमरेखाली निर्जीव. डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला एका जागी पडू देऊ नका, पाठ सडेल. आईने विचारलं होतं, कसा उचलू? त्यावर डॉक्टरांपाशी औषध नव्हतं.

पुढचा पावसाळा सरला आणि हा गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी. मी लगेच ओळखला.

“तू खालापूरचा ना? इकडं कसा?”

“काम पायजे.”

“तुमच्या बाजूला गिरण्या नाहीत?”

“हाईत. पन दहिवली हितनं जवळ हाय.”

मी आणखी काही विचारलं नाही. शेठना सांगून त्याला ठेवून घेतला. तो पोती चांगली उचलायचा, पण त्याची एक रीत होती. पोतं फेकायचा नाही. इतर हमाल थप्पीवर धपकन टाकत, हा पाठ वाकवून हळूच उतरवायचा. शेठ म्हणायचे, “अरे, भात आहे, बाळंतीण नाही.” तो ऐकून घ्यायचा आणि पुढचं पोतंही तसंच उतरवायचा.

काम सुटलं की तो पूल ओलांडून दहिवलीला जाई. तिथे काय चालतं ते मला गणूतात्याने सांगितलं. पहिल्या संध्याकाळी शिवाच्या आईने त्याला ओळखलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी याने त्यांच्या दाराबाहेरचा हंडा उचलला, नदीवरून भरून आणला, जागेवर ठेवला. म्हातारीने तो अंगणात पालथा केला आणि गुडघे धरत स्वतः नदीवर गेली. असं बरेच दिवस चाललं. हा भरी, ती ओती. शेजारच्या बायका कामं टाकून बघायला उभ्या राहत. शेवटी एक दिवस आतून शिवाचा आवाज आला, “आये, पानी वतू नको. मला तहान लागलीय.”

त्या दिवशी ते पाणी घरात गेलं. म्हातारी मात्र त्याच्याशी बोलली नाही. तिला त्याच्याकडून काही हवं असलं तर ती भिंतीकडे बघून सांगे, “लाकडं संपली.” आणि तो लाकडं फोडायला घेई.

थंडी पडायला लागली तेव्हा एका बाजाराच्या दिवशी मी पुलावर होतो. समोरून हा येत होता आणि त्याच्या पाठीवर शिवा. शिवाचे पाय जुन्या धोतराने याच्या कमरेला बांधलेले, हात गळ्याभोवती. बाजारातली माणसं बघत राहिली. काही हसली. शिवा वरून म्हणाला, “बाजूला व्हा रं. घोडा बुजला तर मी जबाबदार नाय.”

तेव्हापासून शिवा त्याला ‘घोडा’च म्हणे. “घोड्या, नदीवर चल.” “घोड्या, तुझ्या मानेला घामाचा वास येतो, आंघोळ कर.” हा कधी हसायचा नाही, पण मान जरा खाली घालायचा. मी त्याला हसताना पाहिला असेल तर एवढाच. कर्जतला कुठे हुतूतू असला की हा शिवाला पाठीवर घेऊन जाई आणि पाटीच्या कडेला बसवून त्याच्या पाठीला स्वतःचे गुडघे लावून बसे. शिवा सामना बघे. हा सामन्याकडे बघत नसे. समोर पकड झाली की डोळे मिटून घेई.

कधी कधी शिवाला गिरणीवरही आणायचा. भाताच्या पोत्यांना टेकवून ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचा. एकदा शिवा असा बसलेला असताना गणूतात्या आणि कासमभाई दोघंही ओट्यावर होते. शिवासमोर तो विषय काढू नये एवढी समज दोघांनाही होती, पण शिवानेच काढला.

“काय कासमभाई, ढाल घासता की नाय? चांदी काळी पडते.”

कासमभाई चपापले. मग त्यांच्यातला खालापूरकर जागा झाला. “घासतो ना. आमची हाय, आमी नाय घासनार तर कोन?”

गणूतात्या तटकन म्हणाला, “तुमची कशी? हात रेघंवर व्हता. मी डोळ्यानं बघितलाय.”

“तुमी बसला व्हता कुटं आनि बघितलं कुटं. हात वीतभर मागं व्हता.”

“इथं बसलाय ना तो. त्यालाच इचारा. सांग रं शिवा.”

शिवा शांतपणे म्हणाला, “नाय पोचलो, तात्या.”

गणूतात्याचा हात हवेतच राहिला. त्याला मांडी सापडेना. एवढ्यात हा पोतं घेऊन तिथून चालला होता. तो थांबला. पोतं पाठीवर तसंच ठेवून म्हणाला, “पोचला व्हता तो. मीच मागं वडला.”

आता कासमभाईंची पाळी आली. “अरं, तू खालापूरचा का कर्जतचा? ढाल आमच्या चावडीत हाय आनि तू असं बोलतोस?”

“पोचला व्हता.”

“नाय पोचलो,” शिवा म्हणाला. “जो पडला त्याला जास्त कळतं का जो मागं व्हता त्याला?”

“हात तुझा, पन डोळं माझं उघडं व्हतं.”

“तुझ्या डोळ्यांत धुरळा व्हता.”

दोघं एकमेकांकडे बघत होते. ओट्यावरच्या एकाही माणसाला कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. गणूतात्याला जिंकायचं तर खालापूरच्या माणसावर विश्वास ठेवायला हवा होता, आणि कासमभाईंना कर्जतच्या. दोघांनाही ते जमेना. तात्याने तंबाखूची डबी उघडली आणि कासमभाईंपुढे धरली. त्या दिवशी भांडण तिथेच राहिलं.

हा पोतं उतरवायला आत गेला तेव्हा मी शिवाजवळ जाऊन बसलो. त्याच्या जखमांचा वास येत होता. तेव्हा पाठीला दोन ठिकाणी पडल्या होत्या. मी हळूच विचारलं, “शिवा, खरं काय?”

तो बराच वेळ आपल्या मांडीवर पडलेलं तूस झटकत होता. मांडीला त्याचा स्पर्श कळत नव्हता, तरी झटकत होता. मग म्हणाला, “दिवाणजी, मी पोचलोवतो असं म्हटलं, तर खेळ तिथंच संपला व्हता. मंग त्यानं मला वडला तो उगाच. मी उगाच मोडलो. नाय पोचलो म्हटलं, तर त्यानं खेळात धरला, मी खेळात मोडलो. त्याला रोज मला उचलायचं असतं. उगाच मोडलेला मानूस पाठीवर लई जड व्हतो.”

“पण खरं काय?”

“आता काय करायचंय ते?” तो म्हणाला आणि पुन्हा तूस झटकायला लागला.

काही दिवसांनी मी यालाही गाठला. म्हटलं, तो स्वतः नाही म्हणतो, तर तू का हट्ट धरतोस? तो दोरी वळत होता. वर न बघता म्हणाला, “त्याचं चालायचं गेलं. काम गेलं. लगीन व्हनार व्हतं ते गेलं. आता ढालबी माझीच म्हनू?”

म्हणजे बघा, एकजण जिंकलेलं सोडून देत होता आणि दुसरा ते परत देत होता, आणि मधल्या मध्ये आम्ही सगळे दोन वर्षं ओट्यावर बसून रेघ शोधत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात शिवाची तब्येत ढासळली. जखमा खोल गेल्या, ताप येऊ लागला. आता तो पाठीवर बसू शकत नव्हता. हा त्याला लहान मुलासारखा दोन्ही हातांवर घेऊन उन्हात आणी आणि कुशीवर झोपवी. एक दिवस हा कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो भुवईवर खोक पडलेली, डोळा सुजलेला. मी विचारलं तर म्हणाला, “दाराला लागलं.”

खरं काय ते पुढे कासमभाईंनी सांगितलं. हा खालापूरला गेला होता. चावडीत चार मंडळी बसली होती, त्यांना म्हणाला, ढाल थोडे दिवस द्या, शिवाच्या उशाशी ठेवतो आणि परत आणून देतो. कुणी हसलं, कुणी विचारलं, कर्जतवाल्यांनी तुला काय चारलं? हा म्हणाला, पोचला होता तो, मी सगळ्यांसमोर सांगतो. तेव्हा त्याच्याच बाजूने खेळलेल्या एकाने त्याला मारलं. याने हात उचलला नाही. त्याच्या गावातही बोलणं बंद झालं. कर्जतला बाई ठेवलीय, म्हणून तिकडची बाजू घेतो, असं लोक म्हणू लागले.

“मी तिथंच व्हतो, दिवाणजी,” कासमभाई म्हणाले. “ढाल घासनारा मी. मी बोललो असतो तर दिली असती. पन माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाय.”

त्यानंतर कासमभाईंनी ओट्यावर हुतूतूचा विषय कधी काढला नाही. दुसऱ्या कुणी काढला तर ते उठून बैलांना पाणी दाखवायला जात.

शिवा भात कापणीच्या दिवसांत गेला. दुपारची वेळ होती. निरोप आला तेव्हा हा थप्पीवर होता. त्याने पाठीवरचं पोतं जागेवर उतरवलं, बाहेर येऊन हातपाय धुतले आणि चालत निघाला. मी आणि गणूतात्या मागोमाग गेलो.

अंगणात माणसं जमली होती. तिरडी बांधून झाली. खांदा द्यायला भावकीतले चौघं पुढे झाले. हा कुंपणाबाहेर उभा होता. बोलावल्याशिवाय तो आत आला नसता, आणि त्याला बोलावणार कोण? म्हातारी शिवाच्या उशाशी बसली होती. ती रडत नव्हती. तिने मान वर केली, कुंपणाकडे बघितलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड करून बोलली.

“तिथं काय उभा ऱ्हायलास? ये. त्याला तुझी सवय हाय. बाकीच्यांच्यानं हिसके बसतील त्याला.”

भावकीतला एकजण काही म्हणणार होता, पण गणूतात्याने त्याचा दंड धरला. हा पुढे आला आणि वाकला. नदीपर्यंत त्याने खांदा बदलला नाही. वाटेत कुणीतरी त्याला “सोड, मी घेतो” म्हणालं. त्याला ते ऐकू गेलं नसावं.

त्यानंतर थोडे दिवस तो कामावर आला. संध्याकाळी दहिवलीला जाऊन हंडा भरून ठेवायचा. म्हातारी त्याला भाकरी वाढायची, तो अंगणात बसून खायचा. पुढे तिला तिच्या भावाने आपल्याकडे वांगणीला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा आला नाही. घोंगडी मात्र गिरणीतल्या खुंटीवर तशीच होती. येईल घ्यायला, असं आम्ही म्हणत राहिलो.

बातमी कासमभाईंनी आणली. घाटात पलटणीच्या लॉऱ्यांसाठी रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, तिथे हा खडी फोडायला लागला होता. पावसाळ्यात हिवतापाने धरला. घरी आणला आणि आठवड्याच्या आत गेला. ओट्यावरचा एक नवखा गाडीवान म्हणाला, “तोच ना, नेरळचा पकडवाला? मंग त्या शिवाचा हात...” गणूतात्या त्याला म्हणाला, “तुझं भात भरडून झालंय. गाडी जुंप.”

पाऊस ओसरल्यावर मी घोंगडी घेऊन खोपोलीच्या गाडीने गेलो आणि तिथून चालत कुंभिवलीला. रस्त्यावर लष्करी गाड्यांची रांग लागली होती, धूळ नाकातोंडात जात होती. त्याचं घर रस्त्यापासून आत, शेताच्या बांधाला होतं. बायको वाल निवडत बसली होती. बारीक अंगाची, कपाळ मोकळं. मी कोण ते सांगितलं आणि घोंगडी पुढे केली. तिने ती घेतली, उलटून पाहिली. एका टोकाला ठिगळ होतं, त्यावरून बोट फिरवलं.

“हे ठिगळ माझं नाय,” ती म्हणाली. “बाईच्या हातचं हाय.”

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “भाऊ, तुमी तिकडचे. खरं सांगा. तिकडं त्यांचं दुसरं घर व्हतं ना? गाव बोलत व्हता. मी त्यांना इचारलं एकदा. म्हनाले, एक घर हाय तिकडं, त्याचं करावं लागतं. मी पुढं इचारलंच नाय. आवनीला यायचे, कापनीला यायचे, काम करायचे आनि जायचे. काय इचारनार?”

मी तिला सांगितलं. नेरळचं सांगितलं, पाण्याचा हंडा सांगितला, म्हातारी सांगितली, तिरडी सांगितली. ठिगळ म्हातारीनेच लावलं असणार, हेही सांगितलं. ती वाल निवडत ऐकत होती. किडका वाल चिमटीत आला की तेवढ्यापुरती थांबे.

“त्या पोराचं नाव काय व्हतं?”

“शिवा.”

तिचा हात थांबला. “तापात शिवा, शिवा करीत व्हते. रातदीस. शेजारची समदी म्हनाली, भाग्यवान मानूस, देवाचं नाव घेत गेला. मीबी तेच समजले.”

तिकडे रस्त्यावर एक लॉरी अडकली होती, तिचे शिपाई ओरडत होते.

“रोज पाठीवर न्यायचे त्याला?” तिने विचारलं.

“रोज नाही. नदीवर न्यायचा, बाजाराला न्यायचा. कुठे हुतूतू असला तर.”

“लांब?”

“लांब असलं तरी.”

तिने सूप बाजूला ठेवलं. घोंगडीची घडी केली, मांडीवर घेतली.

“मला एकदा आनलंन असंच,” ती म्हणाली. “नवं लगीन झालंतं. मी माहेरास्नं येत व्हते, पाताळगंगेला पानी चढलंतं. मी म्हटलं, नगं, लोक बघतील. म्हनाले, बघू दे. पाठीवर घेतलंन आनि मधी गेल्यावर इचारलंन, तुला भ्या वाटतंय का? मी नाय म्हटलं. लई वाटत व्हतं.”

मग तिने घोंगडी आत नेऊन ठेवली, बाहेर आली आणि पुन्हा वाल निवडायला बसली.